डगले घातलेले दगड

मित्रांनो, जवळ या, घाबरू नका. मी एक जुनी दुर्बीण आहे. तिपाईवर बसवतात तसली, एका डोळ्याची, पितळी नळीची. आता माझ्या नळीवर हिरवे डाग पडलेत आणि एक पाय सुतळीने बांधलाय. शाळेच्या खोलीत शेगडीमागे मला उभं करून ठेवलंय, आणि येता-जाता मुलं माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. असो. म्हातारपणी कुणाला काय मान मिळतो! पण नजर अजून शाबूत आहे हो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला लांबचं दिसतं, पण लांबचं ऐकू येत नाही. पलीकडच्या बेटावर कुणी हसलं तर मला त्याचे दात दिसतात, हसणं ऐकू येत नाही. कुणी किंचाळलं तरी दातच दिसतात. दोन्हींत फरक काय ते मला आजवर कळलेलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझी काच घासणारी बाई कामाला बसली की गुणगुणायची, एवढंच त्या जागेचं मला आठवतं. पुढे मी एका जहाजावर चढले, देवमासे शोधायला. ते जहाज उत्तरेला आलं, तेव्हा आमच्या बेटावरच्या काविक नावाच्या शिकाऱ्याने वॉलरसचे सुळे देऊन मला विकत घेतलं. सौदा फायद्याचा झाला असं तो जन्मभर सांगत राहिला आणि मी ते ऐकून फुगत राहिले.

आमचं बेट म्हणजे समुद्रात उभा ठाकलेला एक खडक. समोर तसाच दुसरा, जरा मोठा. मधे अरुंद समुद्र आणि त्यात ओढून नेणारा प्रवाह. आमचं बेट अमेरिकेचं, समोरचं रशियाचं, पण ही विभागणी लांब कुठेतरी राजधानीत बसलेल्यांना ठाऊक. काविकची मावशी समोरच्या बेटावर नांदत होती. तिच्या घरावर मासे वाळत घातलेले मी बघायची, आणि ते बघून काविक होडी काढायचा. "मावशीकडे मासे झालेत, चला," म्हणायचा. तेव्हा सगळे मला लाडाने पुसायचे. सीलच्या तेलाचा थेंब लावून माझ्या कड्या गुळगुळीत ठेवायचे.

मग ते दोन मोठे देश एकमेकांना पाण्यात बघू लागले. आधी म्हणे खांद्याला खांदा लावून लढले होते. ती लढाई संपली आणि बरोबर लढलेल्याचाच धाक वाटू लागला. एका उन्हाळ्यात समोरच्या बेटावरची सगळी माणसं जहाजात बसवून कुठेतरी नेली. मावशीच्या घरावर मासे तसेच लटकत राहिले. पुढे हिवाळा आला, बर्फ पडलं, तरी ते तिथेच होते. मग त्या घराच्या वर सैनिकांची खोपटी दिसू लागली. आमच्याकडेही सैनिक आले, आणि त्यांनी मला काविकच्या घरातून उचलून कड्याखालच्या चौकीत बसवलं. माझं तोंड कायमचं समोरच्या बेटाकडे केलं. ज्या नजरेने मी मासे शोधले त्याच नजरेने आता शत्रू शोधायचा होता.

चौकीत काविकचा थोरला मुलगा अलुक पहाऱ्यावर असे. त्याच्यावर सार्जंट हॅस्किन्स, दक्षिणेकडच्या सपाट मुलखातला लालबुंद माणूस. समुद्र बघून त्याला मळमळायचं. तो दुष्ट मुळीच नव्हता. त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटायची.

समोरच्या चौकीतही एक दुर्बीण होती. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. दिवसभर. तिच्यामागे एक जाडा, मिशाळ सैनिक बसे. तो अख्खा कांदा सफरचंदासारखा कचाकचा खायचा. अलुकने त्याचं नाव ठेवलं कांदेराव.

"बघा, बसला कांदा सोलायला," अलुक म्हणायचा. "ह्याच्या शेजारी कुणी झोपत कसं असेल?"

"त्याच्या कांद्याकडे नको, हाताकडे बघ," सार्जंट म्हणायचा. "हातात काय आहे ते सांग."

"कांदा, साहेब."

पुढच्या वसंतात काविकची होडी गेली. तो आणि त्याच्याबरोबरचे पाच जण वॉलरसमागे गेले आणि वादळात सापडले. एकाचाही देह मिळाला नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी आमच्या बेटावर कड्याच्या माथ्यावर दगडी माणूस उभा करतात. पायांचे दोन दगड, वर धड, वर डोकं. ज्याची जशी अंगकाठी तसा दगड. काविकचा डावा खांदा पडलेला होता, तर त्याच्या दगडाचाही खांदा पडलेला. परत यायची वाट चुकू नये म्हणून हे करायचं. मेलेल्यांची चुकू नये आणि जिवंतांचीही. धुक्यात खालचं काही दिसत नाही, पण माथ्यावरचे आपले बाप-आजे रेषेत दिसले की शिकाऱ्याला कळतं, घर आलं.

काविकची बायको सिगवाना हिने स्वतः दगड वाहिले. सहा नवे दगडी पुरुष कड्यावर उभे राहिले, तोंडं समुद्राकडे.

आता एक ऐका. थंड पाण्यावर ऊन पडलं की हवा थरथरते. लांबची वस्तू ताणली जाते, हलते, जमिनीपासून सुटून वर तरंगते. समोरून बघणाऱ्याला आमचे दगड तसे दिसले असणार, उंच, डुलणारे, येरझारा घालणारे. कारण थोड्याच दिवसांत मुख्य छावणीतून रेडिओवर विचारणा झाली. रशियन लोक त्यांच्या रेडिओवर तुमच्या नव्या पहारेकऱ्यांबद्दल आपसांत बोलताना आम्ही ऐकले, हे कुठले पहारेकरी?

अलुक हसून हसून भिंतीला टेकला. "आमच्या मेलेल्यांना घाबरले की हो ते! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच."

पण लगेच समोरच्या बेटावर जास्तीचे सैनिक उतरले. मग सार्जंटचं हसू मावळलं. त्याने मागणी केली आणि आमच्याकडे एक तोफ आली. मग समोर लांब काळ्या नळ्या दिसू लागल्या. सार्जंट म्हणाला, तोफा. अलुक म्हणाला, शेगडीची धुराडीही असू शकतील. मी सांगू? मलाही नक्की कळत नव्हतं. हवा थरथरत होती. त्यांनी माणसं वाढवली ती आम्हाला भिऊन, आम्ही तोफ आणली ती त्यांना भिऊन. दोघांपैकी कुणालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, आम्ही फक्त आमचं घर राखतोय. आणि मित्रांनो, अंगावर काटा येतो तो ह्याचाच, की त्यात कुणीच खोटं बोलत नव्हतं.

एके दिवशी सार्जंटच्या डोक्यात कल्पना आली. "ते दगडांना माणसं समजतात ना? समजू देत. चांगली माणसं करू आपण त्यांची." त्याने जुने लष्करी डगले आणि लोखंडी टोप्या वर नेल्या आणि कड्यावरच्या सगळ्या दगडी माणसांवर चढवल्या.

सिगवाना लगोलग चौकीत येऊन उभी राहिली. "अरे सार्जंट, माझ्या नवऱ्याच्या अंगावर कुणाचा डगला घातलास?"

"आजी, तो दगड आहे."

"दगड आहे? मग त्याला थंडी वाजते का, डगला घालायला?"

"हुकूम आहे," तो म्हणाला. हुकूम तर त्याचाच होता.

"काढ ते," सिगवाना म्हणाली. "परत येणाऱ्याला आपली जागा ओळखू यायला हवी."

काढले नाहीत. वाऱ्याने त्या रिकाम्या बाह्या हलायच्या. वरचे मेलेले सगळे समोरच्या तीराला हात करताहेत असं वाटायचं, या, या म्हणून. अलुक पहाऱ्यावर येताना मान खाली घालून यायचा. बापाकडे बघवत नव्हतं त्याला.

आणि मग समोरच्या कड्यावरही तसलेच दिसू लागले. डगले, टोप्या, ताठ उभे. सकाळी बघावं तर तिथेच, संध्याकाळी बघावं तर तिथेच.

"साहेब, त्यांनीही दगडच उभे केलेत."

"कशावरून? खरी माणसं असतील."

"खरी माणसं मुतायला तरी जातात की!"

सार्जंटने बराच वेळ माझ्यातून पाहिलं. "तरीपण," तो शेवटी म्हणाला, "मोजताना माणसंच धर."

असे ते दिवस गेले. इकडे डगल्यातले दगड, तिकडे डगल्यातले दगड, आणि मधे आम्ही दोन दुर्बिणी, डोळा न मिटता. कधी कधी वाटायचं, ह्या सगळ्यांत जिवंत असे फक्त ते दगडच आहेत, आणि आपण त्यांच्या हुकमाने बघतोय.

सिगवानाचा धाकटा मुलगा तुलुगाक तेव्हा नुकता एकट्याने शिकारीला जाऊ लागला होता. महिनाभर तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गावी मामाकडे होता आणि डगले चढले तेव्हा बेटावर नव्हताच. परतताना तो आपल्या एकट्याच्या कातडी होडीतून निघाला. दुपारी धुकं आलं. खालून समुद्र पुसून टाकणारं, पण वर लख्ख ऊन असलेलं धुकं. आमचा माथा धुक्यावर तरंगत होता. समोरच्या बेटाचा माथा मात्र ढगात बुडालेला.

सिगवाना चौकीबाहेर येऊन बसली होती. धुक्यात एक भगदाड पडलं आणि मला तुलुगाक दिसला. बेटाच्या अगदी जवळ! "आला, आला गं!" अलुक ओरडला.

तुलुगाकने वल्हं थांबवलं. मान वर करून त्याने कड्याकडे पाहिलं. ऊन पडलेल्या लोखंडी टोप्यांची रांग त्याला दिसली असणार. त्याचं तोंड उघडलं, दात दिसले. मग त्याने होडी गर्रकन फिरवली आणि जिवाच्या आकांताने उलट्या दिशेला वल्हवू लागला.

"हा पळतोय कुठे?" सार्जंटने विचारलं.

अलुकने माझ्यावरून डोळा काढला. "त्याला हे रशियाचं बेट वाटलं, साहेब. आपल्या माथ्यावर टोपीवाले त्याने कधी पाहिलेच नव्हते. घराकडे जातोय असं समजून तो सरळ त्यांच्या तोफांसमोर चाललाय. त्यांनी सोडला तर प्रवाह सोडणार नाही, उत्तरेला ओढून नेईल." तो भिंतीवरची बंदूक काढायला धावला. "बार काढतो. आवाजाने वळेल."

सार्जंटने त्याचा हात धरला. "खबरदार! इथून गोळी सुटली तर ते काय समजतील? तिकडून शंभर सुटतील."

"मग होडी काढू?"

"धुक्यातून त्यांच्या दिशेने होडी? वेड लागलंय तुला?"

ह्या दोघांची हुज्जत चालू असताना मला वरून दगड घसरल्याचा आवाज आला. सिगवाना केव्हाच कड्यावर चढली होती. तिने कुणाला विचारलं नव्हतं. तिने काविकच्या दगडावरची टोपी ओढून दरीत भिरकावली, आणि मग डगल्याला हात घातला. डगला बर्फाने दगडाला चिकटलेला. ती त्याला मिठी मारून ओढत होती आणि रडत नवऱ्याला शिव्या देत होती. "सोड ना रे! पोरगं चाललंय, सोड!" अलुकही सार्जंटला ढकलून वर धावला.

सार्जंट एकटा राहिला. तो माझ्यावर वाकला आणि त्याने मला समोरच्या बेटाकडे वळवलं. तिथला ढग तेवढ्यात विरला होता. सैनिक पळापळ करत होते. त्यांना काय दिसलं असेल सांगा पाहू? इतके दिवस ताठ उभे असलेले अमेरिकन पहारेकरी एकामागून एक नाहीसे होताहेत. म्हणजे खाली उतरले, म्हणजे होड्यांत बसले, म्हणजे धुक्यातून येताहेत! आणि धुक्यातून खरोखरच एक होडी येत होती.

सार्जंटचा हात रेडिओकडे गेला. "ते तोफा फिरवताहेत," तो पुटपुटला. "आपण आधी कळवायला हवं. आधी."

मग आम्हाला कांदेराव दिसला. सगळे धावत असताना तो एकटा आपल्या दुर्बिणीमागे बसून होता. तिचं तोंड कड्याकडे होतं, सिगवानाकडे. त्याचा चावायचा थांबलेला जबडा मला दिसला. एक म्हातारी दगडाला मिठी मारून त्याच्या अंगावरचं उतरवतेय, एवढंच त्याला दिसत होतं. आवाज नाही, शब्द नाही. तो डोळा लावून बसला, डोळा काढला, पुन्हा लावला. मग दुर्बीण खाली वळवून त्याने धुक्यातली ती एकट्या पोराची होडी पाहिली.

एक अधिकारी त्याच्यापाशी आला. हात नाचवत काही विचारू लागला, किती माणसं, कुठे, असंच असणार. कांदेराव उठला. त्याने आपली टोपी काढली आणि सावकाश दुर्बिणीच्या तोंडावर अडकवली. मग मान हलवली. काही दिसत नाही, धुकं आहे.

सार्जंट हॅस्किन्स माझ्यातून हे बघत होता. त्याचा हात रेडिओवरून सुटला, आणि मित्रांनो, तोच हात त्याने माझ्या काचेवर ठेवला. जन्मात पहिल्यांदा मला दिसेनासं झालं. घामाने ओला, गरम पंजा होता तो. मला वाटलं, आता काहीही होईल आणि मला कळणारही नाही.

पण ऐकू येत होतं. वरून कापड फाटल्याचा आवाज. पक्ष्यांचा कलकलाट. सार्जंटच्या छातीतली धडधड. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग खाली, खडकावर कातडी होडी घासल्याचा आवाज आला.

"मेल्या, बापाला ओळखलं नाहीस?" सिगवाना ओरडली.

"बापाने कधी लोखंडी टोपी घातली होती का गं?" तुलुगाक म्हणाला, आणि मोठ्याने रडायला लागला. "मागे वळून बघितलं तर एकाचा खांदा पडलेला दिसला. तेव्हा कळलं."

सार्जंटने वर कळवलं की दाट धुकं होतं, काही दिसलं नाही. छावणीवाल्यांना ते पटलं नसावं, कारण लवकरच त्याची बदली झाली. जाताना त्याने मला सीलचं तेल लावलं, काविक लावायचा तसं. जरा जास्तच लावलं, पण चालायचंच.

समोर मात्र दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीमागे नवा माणूस होता. किडकिडीत, काही न खाणारा, डोळा न काढणारा. आम्ही कांदेरावाची वाट पाहिली. अलुक रोज आल्या-आल्या आधी तिकडे बघायचा. बर्फ आलं, वितळलं, पुन्हा आलं. तो परत दिसला नाही. बदली झाली, की तुरुंगात टाकलं, की आणखी काही, कोण सांगणार?

शेवटी सिगवाना म्हणाली, "ज्याचा देह मिळत नाही त्याला जागा द्यायची असते." तुलुगाकने दगड वाहिले. जाडा, बुटका, रुंद खांद्यांचा एक दगडी माणूस माथ्यावर उभा राहिला, काविकच्या शेजारी. त्याच्या अंगावर ना डगला ना टोपी.

समोरच्या किडकिडीत माणसाने तो बघितला. मोजला. आठवडा गेला नाही तोच पलीकडे एक नवी तोफ दिसू लागली. ह्या खेपेला ती धुराडं नव्हती.

मित्रांनो, माझा पाय नीट बांधा, माझी काच पुसा, आणि ते ओले हातमोजे कृपा करून दुसरीकडे वाळवा. तुम्ही मला खिडकीपाशी नेता, समोरच्या कड्याकडे वळवता आणि लगेच मोजायला लागता, तेव्हा मला तो किडकिडीत माणूस आठवतो. मी फक्त किती ते दाखवते. कोण आहे, का उभा आहे, कुणाची वाट बघतोय, हे माझ्यातून दिसत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल, होडी काढून, हाक मारून, जमेल तसं.

दगड उभा केला की त्याला नावाने हाक मारायची आमची रीत आहे. कांदेरावाचा दगड उभा केला त्या दिवशीही सगळे माथ्यावर जमले आणि सिगवानाने विचारलं, "नाव काय त्याचं?" इतके दिवस आम्ही त्याच्यावर नजर ठेवली होती, त्याचे दातसुद्धा मोजले होते, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.